कापड वाळेपर्यंत

मुंगीला बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस शोधूनही सापडला नसता. हे टोपणनाव तिच्या वडिलांनी ती चालायला लागली तेव्हाच ठेवलं होतं. पुढे शाळा, सासर, इस्पितळातली लॉन्ड्री, चर्चची मंडळी, सगळ्यांनी ते तसंच उचललं. पायाला भिंगरी बांधलेली बाई. जेवायचीसुद्धा ओट्याशी उभ्यानं, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फडकं. कुणी म्हणालंच की अगं, जरा टेक, तर उत्तर ठरलेलं: "आत्ता नको, काम आहे." हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की तिच्या लेकीनं बोलायला शिकताना तेही उचललं, आणि ती बाहुलीला तेच ऐकवायची.

काम होतंच म्हणा, ते काही तिनं मनानं रचलेलं नव्हतं. नवरा बोटीवर, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरी सासरे, उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा अर्धी गेलेली, सगळं जागेवर. लेक नुकती शाळेत जायला लागलेली. आणि इस्पितळाच्या तळघरातली नोकरी. वॉर्डांतून मळक्या चादरींच्या गोण्या खाली यायच्या. त्या डागांप्रमाणे निवडायच्या, धुवायच्या, मोठ्या ड्रायरमधून काढून गरम रोलरमध्ये सारायच्या, पलीकडून जोडीदारणीनं ओढून घ्यायच्या, घडी घालायची आणि ट्रॉली परत वर. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, तेव्हा चादरीही संपत नाहीत. त्यात दुष्काळात तेरावा महिना यावा तसं चर्चच्या वेदीचं कापडही तिच्याकडे आलं.

ते आधी मेट्रनबाईंकडे असायचं. याच इस्पितळात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्या समोर आल्या की डॉक्टर अजून खिशातून हात काढायचे. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला ज्यावर ठेवतात ते पांढरं कापड वर्षानुवर्षं त्याच धुवायच्या. मनगटं धरली तेव्हा त्यांनी ते मुंगीच्या हातात दिलं आणि रीत सांगितली. कापड हातानं धुवायचं. पिळायचं नाही, मशीनला दाखवायचं नाही. चर्चच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर पसरायचं आणि वाळेपर्यंत शेजारी खुर्चीवर बसून राहायचं. हात रिकामे. विणकाम नाही, वाचन नाही, भाजी निवडणं तर नाहीच नाही.

"आणि बसून करायचं काय?" मुंगीनं विचारलं होतं.

"बसायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईनं मला सांगितलं, मी तुला सांगते."

पहिले काही शनिवार मुंगी बसली. म्हणजे खुर्चीवर होती, एवढंच. पाय हलत होते, मन घरी भांडी घासत होतं. मग तो शनिवार उजाडला. सकाळीच सासरे पलंगावरून घसरले. लॉन्ड्रीत एक मशीन बंद पडलं आणि गोण्या दारापर्यंत साचल्या. त्यातच शेजारणीचा निरोप आला की लेकीचं अंग गरम लागतंय. मुंगीच्या नाकी नऊ आले. पिशवीत कापड होतं, धुतलेलं, ओलं. समोर ड्रायर होता, रिकामा.

इस्पितळाच्या चादरींबरोबर टाकलं नाही हं, एवढी काही ती बेपर्वा नव्हती. तिनं ड्रायर आतून पुसून घेतला, जाळीवर साचलेला कापसाचा करडा थर काढून टाकला आणि कापड एकटंच आत ठेवलं. काचेआड ते गरगर फिरताना बघत ती अर्धी थट्टेनं, अर्धी रडकुंडीला येऊन म्हणाली, "प्रभू, बसायला मला सवड नाही. द्यायचंच असेल तर अजून दोन हात दे."

मग तिनं ते रोलरमधून काढलं. इतकं गुळगुळीत ते कधीच निघालं नव्हतं. वाचलेल्या वेळात तिनं लेकीला औषध आणलं, सासऱ्यांची नखं काढली आणि वर पडदेही धुतले. रविवारी पाळकसाहेबांनी त्याच कापडावर प्याला ठेवला. कुणाला काही कळलं नाही. फक्त प्याला उचलताना द्राक्षरसाचा एक थेंब खाली पडला, आणि तापल्या तव्यावर पाणी उडावं तसा डाग न पाडता नाहीसा झाला. ते पाहिलं एकट्या मुंगीनं. डोळे थकलेत, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून घरी आली तर ओट्यावरची भांडी घासून, पुसून, पालथी घातलेली. तिला वाटलं, शेजारीण येऊन करून गेली. ती आभार मानायला गेली.

"मी कशाला करीन?" शेजारीण हसली. "खिडकीतून तूच तर दिसलीस घासताना. मी हाक मारली, तर मान वर केली नाहीस."

"मी तर आत्ता येतेय."

"मग तुझं भूत असेल," शेजारीण म्हणाली आणि आत गेली. चेष्टेनंच म्हणाली बिचारी.

लॉन्ड्रीतही तेच. मुंगी गोण्या निवडायला जाई तर त्या निवडलेल्या असत. रोलरवरची जोडीदारीण कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्ता तर तू ट्रॉली घेऊन वर गेलीस, लगेच खाली कशी आलीस? लिफ्ट पण बंद आहे." मुंगीनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घाबरावं की नाही याचा विचार तिनं केला, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आयते हात मिळाले तर नको कोण म्हणतं? शहाणी बाई असती तर त्या वेळात पाय पसरून झोपली असती. मुंगीनं जादा पाळी घेतली.

ही देणगी देवानं पाठवली होती असं मला काही वाटत नाही. मागणं त्याच्या नावानं केलं म्हणून ऐकणारा तोच असतो असं थोडंच आहे?

कारण घर वाळायला लागलं. आधी मोरीतला साबण तडकला. खिडकीतलं रोपटं पाणी घालूनही कोळपलं. पाण्याचं भांडं भरून ठेवावं तर तासाभरात तळ दिसायचा. जिथं तिथं तो करडा कापूस सापडू लागला, ड्रायरच्या जाळीवर साचतो तसला. ओट्याच्या कोपऱ्यात, सासऱ्यांच्या उशीवर, लेकीच्या वेणीत. सासरे सारखं पाणी मागायचे. एकदा मुंगी त्यांना भरवायला बसली, म्हणजे उभी राहिली, तर त्यांनी तोंड फिरवलं. डाव्या हातानं तिचं बोट चाचपलं, मोठ्या कष्टानं शब्द जुळवला.

"हात... गरम."

"माझे? नाही हो बाबा, गारच आहेत."

त्यांनी मान हलवली. तुझे नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. आणि मग त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथं कुणी नव्हतं तरी.

पण मुंगीची पाचावर धारण बसली ती लेकीमुळे. पोरगी अंगणात पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मुंगी धावली. तोंड वेडंवाकडं झालेलं, हुंदके येतायत, आणि डोळ्यांत टिपूस नाही. ओठांना चिरा पडलेल्या. वेणी इतकी घट्ट घातलेली की कपाळाची कातडी ताणली होती.

"कुणी घातली ही वेणी?"

"तूच," पोरगी म्हणाली. "आत्ताच. आणि गोष्ट पण सांगितलीस. भरभर."

त्या शुक्रवारी मुंगी दुपारीच घरी परतली. दारातून आत न जाता बाजूच्या खिडकीशी गेली. आत तीच उभी होती. पाठमोरी, तिच्याच कपड्यांत, तिच्यासारखाच अंबाडा बांधलेला. पलंगाशी उभी राहून चादरीची घडी घालत होती. घडी झाली की उलगडायची, पुन्हा घालायची, पुन्हा उलगडायची. खोलीतून गरम सुती कापडाचा वास येत होता. पलंगावर सासरे डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून पडले होते. पायाशी लेक बसलेली, शहाण्या मुलीसारखी, गप्प.

मग ती वळली. चेहरा मुंगीचाच, पण रोलरमधून काढल्यासारखा. कपाळावरची आठी नाही, डोळ्यांखालची जाग नाही, एक म्हणून सुरकुती नाही. खिडकीतल्या मुंगीकडे तिनं पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही. काम अडवणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

"तू जा," ती म्हणाली. "इथलं मी बघते."

मुंगी पळत आत शिरली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चादर घडी करून ठेवलेली होती, हात लावला तर चटका बसला. लेकीनं वर पाहून विचारलं, "परत का आलीस?" मुंगीला उमगलं: आपल्या घरात आपली जागा भरली गेलीय, आणि पोटच्या पोरीला फरक कळलेला नाही. अजून थोडे दिवस, की आपल्याला आत यायचं कारणच उरणार नाही.

लेकीला कडेवर घेऊन ती तडक मेट्रनबाईंकडे गेली. पोरगी बाहेर मांजराशी खेळत राहिली. मुंगी बोलायला म्हणून आली आणि टेबलावरचा कप उचलून धुवायला लागली.

"तो कप खाली ठेव," मेट्रनबाई म्हणाल्या. "झालं काय?"

"मी कापड ड्रायरमध्ये घातलं."

मग तिनं सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी आपल्या सुजलेल्या मनगटांकडे पाहिलं.

"माझ्या आधी ज्या बाई होत्या ना," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांनी कापड माझ्या हातात दिलं तेव्हा हाताला हात लागला. भाजेल इतका गरम. फार कामसू बाई म्हणून नाव होतं त्यांचं. कापड मला त्यांनी दिलं की दुसऱ्या कुणी, ते मला अजून माहीत नाही."

मग मुंगीनं विचारलं,

"माझ्या घरातल्या तिला घालवायचं कसं?"

"घालवायच्या मागे लागू नकोस, तेही एक कामच होईल. उद्या कापड हातानं धू आणि बस. ती येईल. उठू नकोस. कुणी हाक मारली तरी, काही जळायला लागलं तरी."

"पण घरी बाबा? पोरीचा गाण्याचा सराव आहे चर्चमध्ये, आणि चादरी..."

"अगं, देव काय मुकादम आहे?" मेट्रनबाई पहिल्यांदा कडाडल्या. "तुला वाटतं त्यानं तुला हजेरीवर ठेवलंय. वाळवायचं काम वाऱ्याचं होतं. तुला फक्त देवापाशी बसायचं होतं, तेवढं तुझ्याच्यानं झालं नाही. आणि हात हवे होते तर मंडळीत काय हातांचा दुष्काळ पडलाय? शेजारणीला कधी तोंड उघडून म्हटलंस, बाई, मला जमत नाहीये?"

म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी म्हटलं. ते चार शब्द उच्चारताना तिला शंभर गोण्या उचलल्यापेक्षा जास्त घाम फुटला. शेजारीण म्हणाली, "एवढंच ना? येते की. कधीची वाट बघतेय तू सांगशील म्हणून."

शनिवारी दुपारी मुंगीनं वेदीचं कापड हातानं धुतलं, न पिळता मागच्या खोलीत नेलं आणि खिडकीपाशी टेबलावर पसरलं. भिंतीशी गीतपुस्तकांचं कपाट, दोन खुर्च्या, एक जुना क्रूस. पलीकडून मुलांच्या गाण्याचा सराव ऐकू येत होता. ती खुर्चीत बसली आणि तळवे उघडे करून गुडघ्यांवर ठेवले.

बसणं किती अवघड असतं ते न बसणाऱ्यालाच कळतं. अंगातली प्रत्येक शीर उठ उठ म्हणत होती. कपाटावर धूळ दिसत होती. खिडकीची काच पुसायला झाली होती. प्रार्थना करावी म्हटलं तर प्रार्थनेतही कामांची यादीच यायची. बाबांना हे, नवऱ्याला ते, पोरीला अमुक. तिनं तीही सोडून दिली.

गाणं अचानक लांब गेल्यासारखं वाटलं. खोलीत गरम सुताचा वास आला. दार उघडल्याचा आवाज झाला नाही, पण ती आत होती.

तिनं मुंगीकडे पाहिलंही नाही. आधी कपाट पुसलं. मग पुस्तकं काढून पुन्हा लावली. हात भराभर चालत होते आणि पावलांचा आवाज नव्हता. मग ती टेबलाशी आली.

"दे, मी वाळवते," ती म्हणाली. "क्षणात होईल."

तिनं कापडावर हात धरला. स्पर्श केला नाही, तरी त्या कोपऱ्यातून वाफ उठली आणि पांढऱ्यावर पिवळसर छटा चढू लागली. मुंगीचे गुडघे सरळ व्हायला निघाले. उठावं, तिचा हात झटकावा, कापड उराशी धरून पळावं. तिनं खुर्ची धरली नाही, हात उघडेच ठेवले. तिच्या तोंडून निघालं ते काही सजवलेलं मागणं नव्हतं.

"प्रभू, माझ्याच्यानं होत नाही. हे सगळं माझ्याच्यानं होत नाही. कधीच होत नव्हतं. तू बघ."

आणि ती रडली. कितीतरी दिवसांनी त्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आलं, गालांवरून उतरलं, उघड्या तळव्यांवर पडलं. दुसरीनं हात मागे घेतला. वाफ थांबली. पण ती गेली नाही, पुन्हा कपाटाकडे वळली आणि पुसलेलंच पुसू लागली.

तेवढ्यात सराव संपला आणि लेक दारात आली.

खोलीत दोन बाया होत्या. एक पाठमोरी, हातात फडकं, लगबगीत. दुसरी खुर्चीत, रिकाम्या हातांनी, रडून सुजलेली. पोरगी एक क्षणही थांबली नाही. सरळ फडक्याकडे गेली. जाणारच. जन्मापासून तिनं आईची पाठच तर पाहिली होती.

मुंगीनं हाक मारायला तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. उठू नकोस, कुणी हाक मारली तरी, एवढंच मेट्रनबाई म्हणाल्या होत्या. पोरगी हाक न मारता दुसरीकडेच गेली तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. कापड अजून ओलं होतं. ती बसून राहिली, आणि असं वाटलं की काळीज कुणीतरी पिळून काढतंय.

लेकीनं त्या पाठमोऱ्या बाईच्या कपड्याचं टोक ओढलं.

"आई, मला घे ना."

"आत्ता नको," ती न वळता म्हणाली, "काम आहे."

आवाज मुंगीचा. सूरही मुंगीचा. आयुष्यभर तोंडातून बाहेर टाकलेलं ते वाक्य मुंगीनं पहिल्यांदाच कानांनी ऐकलं. पोरीला वाईटसुद्धा वाटलं नाही, तेच सगळ्यांत वाईट होतं. तिनं सवयीनं मान हलवली आणि बसायला जागा शोधत मागे वळली. तेव्हा तिला खुर्ची दिसली, खुर्चीतली बाई दिसली, आणि त्या बाईची रिकामी मांडी दिसली.

ती बराच वेळ बघत राहिली.

"तू काय करतेयस?" तिनं विचारलं.

"काही नाही," मुंगी म्हणाली. "बसलेय."

"किती वेळ?"

"कापड वाळेपर्यंत."

पोरगी जवळ आली, मांडीवर चढली, हात-पाय पोटाशी घेऊन मावली. मुंगीनं तिची वेणी हळूहळू सैल केली. थोड्या वेळानं मुंगीचा खांदा ओला झाला. पोरगी गुडघ्यासाठी रडत होती, परवाच्या पडण्याचं आज रडत होती, आणि मुंगी त्या ओल्या खांद्यासाठी देवाचे आभार मानत होती.

कपाटापाशी फडकं थांबलं. दुसरी वळली. पुसायला काही उरलं नव्हतं, मांडायला काही उरलं नव्हतं, आणि तिचे हात हवेत तसेच अधांतरी राहिले.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

मुंगीला तिची भीती वाटायला हवी होती. तिला दया आली.

"बस," ती म्हणाली. "दुसरी खुर्ची आहे."

दुसरीनं खुर्चीकडे पाहिलं. तिनं पाठ वळवली, खाली वाकायचा प्रयत्न केला, पण गुडघे कसे मोडतात हेच तिला माहीत नसावं. ती तशीच अर्धी वाकून, डोळे मुंगीवर रोखून राहिली. खिडकीतून वारा आला. कापडाची कड हलली. लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मुंगीनं डोळे मिटले आणि उघडले, तर त्या खुर्चीवर मूठभर करडा कापूस पडला होता.

तो तिनं उचलला नाही. वाऱ्यानं हळूहळू नेला. कापड वाळलं तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. एका कोपऱ्यावर पिवळसर डाग राहिला होता, तो पुढेही कधी गेला नाही. पाळकसाहेबांनी विचारलं की मुंगी सांगायची, माझ्या घाईचा आहे.

घरी शेजारीण सासऱ्यांच्या पलंगाशी खुर्चीत बसून घोरत होती. ओट्यावर उष्टी भांडी जशीच्या तशी पडली होती, एकावर एक, वर माशीही बसलेली. मुंगी त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. इतका आनंद तिला कुठल्या स्वच्छ ओट्यानं कधी दिला नव्हता.

"आई, भांडी?" लेकीनं विचारलं.

"आहेत तिथं. पळून जात नाहीत."

तिनं सासऱ्यांना पाणी पाजलं आणि पलंगावर बसली, खरीखुरी, भिंतीला पाठ टेकून. म्हाताऱ्यानं डोळे किलकिले केले. डावा हात सरकवत तिच्या हातापर्यंत आणला, बोटं चाचपली, तळवा चाचपला, आणि बऱ्याच वेळानं तोंडात शब्द जुळवला.

"गार," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून झोपी गेले.